मांजराची पेटी घरीच करायची आहे : फळी कोणती, माप किती, आणि पावसात खड्डा कसा राखायचा?

पावसाळी_डिचोली · सकाळी ८.०५

आमची चिंगी आज पहाटे चारच्या सुमारास गेली. वय अकरा, वजन चार किलोच्या आसपास, शेवटचं वर्षभर मूत्रपिंडाचं दुखणं. घरीच गेली, दयामरणाचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं. ती झोपायची तसं वेटोळं करून लगेच सुती पंचात ठेवली आहे. तशी मोजली तर लांबी १६ इंच, रुंदी ११, उंची ६.

तिला गोणपाटात गुंडाळून पुरणं मला जमणार नाही. पेटी स्वतःच्या हातांनी करून परसात पुरायची आहे. करवत, हातोडा, गुण्या, पटाशी, छोटा रंधा आणि ड्रिल घरात आहे. भिंतीवर फळ्या लावण्याइतपत काम येतं, त्यापुढे नाही.

लाकूड कोणतं घेऊ आणि किती जाडीचं? पेटी होईपर्यंत तिला कसं ठेवू? बाहेर पाऊस थांबत नाही, त्यात खड्डा कसा खणायचा? पुरताना मीठ घालतात म्हणे, ते घालावं का? घरात दुसरा बोका आहे आणि सहा वर्षांची मुलगी आहे, त्यांना जवळ येऊ द्यावं का? आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही: दुखणं आधी लक्षात आलं असतं तर वाचली असती का?

शेपटी_वर · ८.२०

चिंगीबद्दल वाईट वाटलं. आधी तिला थंड ठेवायचं बघा, बाकी सगळं त्यानंतर.

मासळी आणायचा थर्माकोलचा डबा घरात किंवा शेजारी असेल तर त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. तळाशी बर्फ, पण तो प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधलेला. त्यावर जुना टॉवेल दुहेरी घडी करून, त्यावर पंचासकट चिंगी. आणखी दोन छोट्या पिशव्या पोटाशी आणि पाठीशी लावा. पोट सगळ्यात आधी फुगतं, म्हणून गारवा तिथे जास्त हवा. बर्फ थेट अंगाला लावू नका, वितळलेल्या पाण्याने केस ओले होतात आणि वास लवकर येतो. दर तीन-चार तासांनी पिशव्या बदलल्या तर उद्या सकाळपर्यंत काळजी नाही. बर्फाशिवाय पावसाळ्यातल्या दमट हवेत पाच-सहा तासांच्या पुढे ठेवू नका.

वेटोळं लगेच केलंत हे फार बरं झालं. मांजराचं अंग साधारण तीन तासांनी ताठायला लागतं आणि बारा तासांच्या आसपास पूर्ण ताठ होतं. आता हात-पाय सरळ करायला किंवा मान वळवायला जाऊ नका. ताठरपणा एक-दोन दिवसांत आपोआप जातो, पण थंडाव्यात तो जास्त टिकतो. म्हणून पेटीचं माप आत्ताच्या आकारावरूनच धरा. डोळे पूर्ण मिटले नसतील तर तसेच राहू द्या, ते दाबून मिटत नाहीत.

शेपटीखाली जुन्या सुती कापडाच्या चार-पाच घड्या ठेवा. स्नायू सैल पडले की लघवी किंवा शी बाहेर येते, हे सगळ्याच जनावरांत होतं. हातमोजे घाला.

पंजाचा ठसा हवा असेल तर आजच घ्या. कुंभाराकडची चिकणमाती मिळाली तर अर्धा इंच जाडीची चकती करून पंजा हलकेच दाबायचा आणि चकती ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत हळूहळू सुकवायची. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवली की कडा आधी आकसतात आणि बरोबर ठशातून तडा जातो.

सहा_सुती · ८.५५

पेटीचं मी सांगतो. आतलं माप १८ × १४ × ८ इंच धरा. चिंगीच्या भोवती लांबीत दोन आणि रुंदीत तीन इंच जागा राहते, ती कापड आणि भुशाने भरते. यापेक्षा मोठी करू नका, हलवताना ती आत सरकेल.

लाकूड फणसाचं किंवा आंब्याचं, सहा सुती, म्हणजे पाऊण इंच. आंबा स्वस्त, कापायला मऊ, आणि जमिनीत लवकर विरतो. फणस जास्त टिकतो, त्याच्या पिवळ्या गाभ्याला वाळवी लवकर लागत नाही, पण खिळा मारताना टोकाला चिरतो. सागवान घेऊ नका. ही पेटी टिकण्यासाठी नाही, तिच्याबरोबर मातीत मिसळण्यासाठी आहे, आणि मिसळायला आंबाच बरा. प्लायवूड आणि एमडीएफ अजिबात नको. एमडीएफ ओल्या मातीत फुगून पापडासारखं उकलतं, आणि दोन्हींतला रासायनिक गोंद परसात पुरण्यासारखा नाही.

पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या वापरायच्या तर फळीवरचा छाप बघा. गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, चालेल. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका. जुन्या घराच्या दारा-माळ्याच्या फळ्यांवर आपल्याकडे बऱ्याचदा काजूच्या टरफलांचं तेल चोपडलेलं असतं. काळपट, चिकट दिसलं की ओळखायचं. अशी फळी घासली तर कातडीला बिब्ब्यासारखे फोड येतात.

सॉ मिलमधून आठ इंच रुंद, सहा सुती फळी १४ फूट सांगा, म्हणजे साधारण ०.६ घनफूट. दोन्ही बाजू तिथेच रंधून घ्या, हाताने एवढं रंधायला अख्खी दुपार जाईल. त्याशिवाय दीड इंच रुंद, सहा सुती पट्टी पाच फूट. रंध्याखाली पडलेल्या साली एक पिशवीभर मागून घ्या, त्या अंथरायला लागतील.

तुकडे असे पाडा. लांब बाजू दोन, प्रत्येकी साडेएकोणीस इंच. आखूड बाजू दोन, १४ इंच. तळाला दोन, साडेएकोणीस इंच, पण यांची रुंदी आठावरून पावणेआठवर आणा. झाकणाला दोन, २० इंच लांब, रुंदी पूर्ण आठ. पट्टीतून साडेपंधरा इंचाचे दोन तुकडे तळाखाली पाय म्हणून आणि साडेतेरा इंचाचे दोन झाकणाच्या आतल्या बाजूला. कापण्याआधी प्रत्येक रेघ गुण्याने चारही बाजूंना फिरवा. एकाच बाजूला रेघ मारून कापलं की करवत आतून तिरकी जाते आणि सांधा उघडा राहतो.

सांधा साधाच. आखूड फळ्या लांब फळ्यांच्या मध्ये बसतात. डव्हटेल (खाचा पाडून एकमेकींत अडकवायचा सांधा) करू नका, सवय नसलेल्या हाताला चार कोपऱ्यांना अख्खा दिवस लागतो आणि तुमच्याकडे तो नाही. टोकाला फेविकॉल लावून पाच मिनिटं थांबा, टोकाचे रेषे गोंद पिऊन टाकतात, मग दुसरा हात द्या. प्रत्येक कोपऱ्याला दोन इंची तीन खिळे: वरच्या आणि खालच्या कडेपासून एकेक इंचावर, आणि एक मध्ये. आधी दोन मिलिमीटरच्या बिटाने भोक पाडा. वरचा खिळा थोडा खाली झुकता, खालचा थोडा वर झुकता मारा. लाकडाच्या टोकात सरळ खिळा धरत नाही, ओढला तर निसटतो, तिरके एकमेकांविरुद्ध मारले की धरतात.

चौकट झाली की गोंद ओला असतानाच बाहेरचे दोन्ही कर्ण मोजा. २४ इंच सात सूत आले पाहिजेत. निदान दोन्ही सारखे तरी हवेत.

मग तळ. दोन्ही फळ्या शेजारी ठेवा, मधल्या फटीला गोंद लावू नका. दोन पायपट्ट्या आडव्या, टोकांपासून तीन इंचांवर, सव्वा इंची स्क्रूने. या पट्ट्या दोन्ही फळ्यांना एकत्र धरतात आणि पेटी जमिनीपासून उचलून ठेवतात, त्यामुळे खाली उतरवताना घातलेली दोरी नंतर ओढून काढता येते. तळाला अर्ध्या इंचाची आठ भोकं पाडा. पाणी बंद पेटीत आलं तर बाहेर जायला वाट लागते.

झाकणाच्या पट्ट्या आतल्या बाजूने, टोकांपासून दोन इंचांवर. त्या पेटीच्या आत उतरतात, म्हणून झाकण सरकत नाही. बिजागरी, कडी काही नको.

पॉलिश, व्हार्निश, रंग लावू नका. हात फिरवल्यावर सल लागू नये एवढ्यासाठी ८० नंबर आणि मग १२० नंबर पेपर पुरे. जवसाचं तेल लावायचं झालं तर नंतर ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून बाहेर सुकवा. तेलाचा बोळा आपोआप पेटतो.

कुळागर · ९.३०

खणायला घेण्याआधी विहिरीत डोकावा. कठड्याची उंची सोडून जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते दोरीने मोजा. जुलैत ते खूप वर आलेलं असतं. खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या निदान दोन फूट वर राहिला पाहिजे. पाणी सहा फुटांवर असेल तर साडेतीन फुटांचा खड्डा चालेल, चार फुटांवर असेल तर नाही. विहिरीपासून निदान १५ मीटर लांब, जमलं तर ३० मीटर, आणि उताराच्या खालच्या अंगाला. आपल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जमिनीत भोकं असतात, पाणी मातीतून गाळत जात नाही, धावत जातं. हा नियम म्हणूनच सोडू नका. भाट (बागायत) सामाईक असेल तर घरच्यांना आधी विचारा, कोमुनिदादीची, म्हणजे गावसंस्थेच्या मालकीची, जमीन असेल तर तिथे खणूच नका.

खड्डा अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, साडेतीन फूट खोल. पेटीची उंची सव्वादहा इंच आणि तळाची खडी तीन इंच, म्हणजे वर जवळजवळ अडीच फूट माती येते. त्याहून कमी ठेवलं की कुत्री उकरतात, रानाकडेला असाल तर कोल्हा आणि रानडुक्कर. माती साधारण १८ घनफूट निघेल, सुटी झाल्यावर चाळीस-पन्नास घमेली. ती थेट गवतावर टाकू नका. एका ताडपत्रीवर टाका आणि दुसऱ्या ताडपत्रीने झाका. भिजली की तिचा रेंदा होतो, परत भरताना दाबून बसत नाही, आणि आठ दिवसांत तिथे खळगा पडतो.

चढाच्या बाजूला खड्ड्यापासून दोन फुटांवर एक वितीचा चर खणून पाणी बाजूला काढा. पावसाची सर गेली की खणा, सर आली की ताडपत्री ओढा. तळाला तीन इंच खडी घाला आणि एका कोपऱ्यात घमेल्याएवढी खळगी ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी तिथून डब्याने उपसता येतं.

एक धोका बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पेटी तरंगते. वरच्या मापाच्या पेटीचं बाहेरचं आकारमान सुमारे ४७ लिटर, पेटी आठ आणि मांजर चार मिळून वजन बारा किलो. भोकं नसतील तर तिच्याभोवती तीन इंच पाणी आलं तरी ती उचलली जाते. भोकांमुळे हे बरंच कमी होतं, पण थांबत नाही, कारण लाकूडच पाण्यापेक्षा हलकं. म्हणून पेटी उतरवायच्या क्षणी खड्डा कोरडा हवा, आणि उतरवल्यावर पहिली दहा घमेली न थांबता टाकायची: आधी चारी बाजूंना, मग वर. एकदा वर फूटभर माती बसली की पेटी हलत नाही.

मीठ घालू नका. मिठाने कुजणं लांबतं, मासळी खारवताना तेच तर करतात. शिवाय ते आजूबाजूच्या झाडांची मुळं मारतं. चुनाही तसाच, लोक वास जावा म्हणून टाकतात आणि कुजणं उलट मंदावतं. प्लास्टिकची पिशवी पेटीत नको, हवा न मिळाल्याने आत सगळं तसंच सडत राहतं. वास अडवायला दोन-अडीच फूट दाबलेली माती हेच औषध. चिमूटभर मीठ रीत म्हणून टाकायचं असेल तर टाका, त्याने बिघडत नाही.

पेटीत खाली रंध्याच्या साली दोन इंच पसरा, चिंगीच्या वजनाने त्या इंचभर होतील. सालींच्या जागी काथ्याचा भुसा मिळाला तर आणखी बरा, पाणी फार धरतो. भोकांवर आधी एक सुती फडकं टाका, नाहीतर भुसा भोकं बुजवतो. गुंडाळायला सुतीच घ्या, पंचा, धोतर, जुनी कुणबी साडी, काहीही. नायलॉन आणि पॉलिस्टर वर्षानुवर्षं तसंच राहतं.

काजूबोंड · १०.१०

मुलीबद्दल. ‘चिंगी झोपली’ असं सांगू नका. सहा वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं, मग स्वतः झोपायला घाबरतं किंवा चिंगी कधी उठणार ते विचारत राहतं. ‘देवाने नेली’ म्हटलं तर मला कधी नेणार, हा पुढचा प्रश्न असतो. साधं सांगा: चिंगी मेली, तिचं अंग आता काम करत नाही, तिला दुखत नाही, थंडी वाजत नाही, मातीत भीती वाटणार नाही. ती हेच पुन्हा पुन्हा विचारेल, आठवडाभरही विचारेल. दर वेळी तेच शब्द वापरा, नवीन काही शोधायला जाऊ नका.

बघायचं की नाही हे तिला ठरवू द्या. आधी सांगून ठेवा की अंग थंड आणि कडक लागेल, केस मात्र तसेच मऊ असतील. हात लावल्यावर धुवायचे, एवढंच बंधन.

तिला खरं काम द्या. झाकणाच्या दोन पट्ट्या १२० नंबर पेपरने घासणं सहा वर्षांच्या हाताला जमतं: पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, रेषांच्या दिशेने. भुसा अंथरणंही तिलाच करू द्या. खिळे, करवत आणि खड्ड्याची कड यांपासून लांब ठेवा, ओल्या मातीत कड ढासळते.

शेपटी_वर · १०.४०

बोक्याला येऊ द्या, पण चिंगीला शेवटी ताप, उलट्या, जुलाब असा संसर्गाचा आजार नव्हता ना, हे नक्की करून. मूत्रपिंडाचंच दुखणं असेल तर भीती नाही. पाच-दहा मिनिटं वास घेऊ द्या, उचलून तिच्यासमोर ठेवू नका, त्याचं तो येईल किंवा येणार नाही. (इतर कुणी वाचत असेल तर: पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराने गेलेल्या मांजराचं अंथरूण, भांडी दुसऱ्या मांजराला देऊ नका. तो विषाणू घरात वर्षभर तग धरतो, साध्या साबणाने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं ठेवावं लागतं.)

पुढचे काही दिवस बोका तिच्या जागा हुंगत फिरेल, रात्री ओरडेल. चिंगीचं सगळं अंथरूण एकदम धुऊ नका, एखादं कापड तसंच राहू द्या. खाण्यावर मात्र बारीक लक्ष ठेवा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि जिवावर बेतू शकतं, लठ्ठ मांजरात लवकर. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. बांगडा उकडलेलं कोमट पाणी, मीठ-हळद न घालता, जेवणावर ओतून बघा. कोमट अन्नाचा वास जास्त येतो.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. मूत्रपिंडाचा निम्म्याहून बराच जास्त भाग, साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश, निकामी होईपर्यंत मांजर बाहेरून ठीक दिसतं. जास्त पाणी पिणं, जास्त लघवी, वजन उतरणं ही लक्षणं त्यानंतरची. शिवाय मांजर दुखणं लपवतं, तो त्याचा स्वभाव आहे. लक्षात आलं तेव्हा नुकसान होऊन गेलेलं होतं, आणि गेलेला भाग कुठल्याही औषधाने परत येत नाही. नंतर वर्षभर जगली, ती तुम्ही वेळेवर पाणी, औषध, खाणं सांभाळलं म्हणून. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, हा आजार असाच असतो.

इंजेक्शन दिलेलं नव्हतं ते खड्ड्याच्या दृष्टीनेही सोपं झालं. बार्बिट्युरेट गटातलं औषध दिलेलं असेल तर त्याचा अंश अंगात राहतो, उकरून खाणाऱ्या कुत्र्याला किंवा घारीला विषबाधा होते, आणि मग खोलीबाबत जराही सूट घेता येत नाही.

पावसाळी_डिचोली · दुपारी २.१५

सगळ्यांचे आभार. चिंगी थर्माकोलच्या डब्यात आहे, ताठ पण आकारात. फणसाची फळी मिळाली, आंबा नव्हता. चौकट उभी आहे, पण तीन गोष्टी अडल्या आहेत.

सहा_सुती मेस्त, एका लांब फळीला खालच्या खिळ्यापाशी चार इंच चीर गेली. आणि कर्णांत तीन सुतांचा फरक आहे, गोंद लावून वीस मिनिटं झाली. खड्ड्यात पावणेदोन फुटांवर चिरा लागला, कुदळ उसळते. विहिरीचं पाणी पाच फुटांवर आहे.

सहा_सुती · २.२५

कर्ण आधी, गोंद घट्ट व्हायच्या आत. ज्या दोन कोपऱ्यांमधला कर्ण लांब आहे त्यांच्याभोवती सुंभ दुहेरी बांधा, मध्ये काडी घालून पिळा. एकेक पीळ देऊन मोजत जा. सारखे झाले की वर एक पट्टी तिरकी, तात्पुरत्या दोन खिळ्यांनी ठोकून तशीच ठेवा आणि तळ बसवून झाल्यावर काढा. तळच चौकटीला काटकोनात धरून ठेवतो. एखादं सूत राहिलं तर सोडून द्या, तळाची कड रंध्याने जुळवून घ्या.

चीर: तो खिळा उपटा. चिरेत सुरीचं पातं घालून किंचित उघडा, फेविकॉल आत ढकला, पातं काढून त्याच सुंभाने आवळा. पावसाळी हवेत गोंद धरायला वेळ घेतो, तीन तास तरी हात लावू नका. नवीन खिळा पाऊण इंच बाजूला. या वेळी खिळ्याचं टोक आधी दगडावर ठेवून हातोडीने बोथट करा. अणकुचीदार टोक रेषे फाडत आत जातं, बोथट टोक ते चिरडत जातं, म्हणून फळी फाटत नाही. फणसाला कडेपासून एक इंचाच्या आत भोक पाडल्याशिवाय काहीच मारू नका.

कुळागर · २.४०

पाणी पाच फुटांवर म्हणजे तीन फुटांपलीकडे तुम्हाला तसंही जाता आलं नसतं. पहार असेल तर चिऱ्यावर कड धरून तासा. नुकता उघडा पडलेला चिरा मऊ असतो, हवा लागून सुकला की हळूहळू कडक होत जातो. तासभर प्रयत्न करा. इंच-दोन इंचही सरकत नसेल तर थांबा आणि वर चढवा.

वर चढवायचं असं. २१ इंचांचा खड्डा आहे तसा ठेवा, तळाला दोन इंच खडी. पेटी सव्वादहा इंच, म्हणजे वर जमिनीपर्यंत नऊ इंच माती येईल. जमिनीवर खड्ड्याच्या भोवती सुटे चिरे चौकोनात मांडा, सिमेंट न लावता, एकावर एक दोन थर. आत माती भरून दर सहा इंचांना पायाने दाबत जा. वर दीड फूट माती आली की एकूण सव्वादोन फूट झाली. सगळ्यात वर आणखी दोन चिरे आडवे ठेवा, ते कुत्र्यांसाठी. पावसाळा संपेपर्यंत माती खाली बसेल, तेव्हा थोडी परत घालावी लागेल. आणखी दोन-तीन वर्षांनी झाकण कुजून आत बसलं की पुन्हा एकदा. दोन ताडपत्र्यांतली माती सगळी संपवू नका, चार-पाच घमेली पोत्यात बाजूला ठेवा.

वर काही लावायचं तर अबोली किंवा मोगरा, उथळ मुळांचं. वर्षभर तिथे खोल खणू नका.

पावसाळी_डिचोली · संध्याकाळी ६.५०

तळ बसला. चीर धरली आहे. चिरा दोन इंच उतरला, मग थांबलो, आता वर चढवतो आहे. मुलीने पट्ट्या घासल्या. झाकणावर ‘चिंगी’ लिहायचं आहे, घरात २५ वॅटची सोल्डरिंगची कांडी आहे. आणि झाकण खिळ्यांनी बंद करू की नुसतं ठेवू? उद्या सकाळी सातला पुरायचं ठरवलं आहे.

सहा_सुती · ७.१०

कांडीने चालेल. नाव आधी कागदावर काढा, कार्बन पेपरने फळीवर उतरवा. अक्षरं दीड इंचांपेक्षा लहान नकोत. उभ्या रेघा रेषांना आडव्या जातात, तिथे कांडी कडक रेषांवर अडखळते, म्हणून घाई न करता टिंब टिंब देत ओळ जोडा. शिरोरेघ रेषांच्याच दिशेने जाते आणि टोक एखाद्या मऊ रेषेत घुसून भलतीकडे घसरतं. ती सगळ्यात शेवटी, लोखंडी पट्टी धरून. उरलेल्या तुकड्यावर आधी दोनदा लिहून बघा. धूर डोळ्यांत जातो, खिडकीपाशी बसा. दोन फळ्यांच्या मधल्या फटीवर अक्षर येऊ देऊ नका, एकाच फळीवर पूर्ण नाव घ्या.

झाकणाला खिळे मारू नका. आत चिंगी असताना हातोडीचा प्रत्येक ठोका घरच्यांना सोसत नाही, आणि धक्क्याने ती आत हलते. दीड इंची सहा स्क्रू घ्या: लांब बाजूंना प्रत्येकी दोन, आखूड बाजूंना एकेक. भोकं आज रात्रीच, पेटी रिकामी असताना पाडा. झाकणात स्क्रू सैल जाईल एवढं, खालच्या फळीत बारीक. स्क्रू एकदा पूर्ण आवळून बघा, मग काढून ठेवा. टोकाला किंचित साबण लावला की फणसात सहज फिरतो. झाकणाच्या आणि चौकटीच्या एकाच कोपऱ्यावर पेन्सिलीने खूण करा, नाहीतर सकाळी झाकण उलटं फिरलं की भोकं जुळत नाहीत.

उद्या ड्रिल आणू नका. साधा हाताचा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. पाच स्क्रू तुम्ही आवळा, सहावा मुलीला हात लावायचा असेल तर तिच्यासाठी अर्धा सैल ठेवा.